पडद्यावरचे स्वकीय

नाशिकहून मुंबईच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला शहराची वस्ती विरळ होता होता महामार्गाच्या एका अंगास अंबडची औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या अंगास त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी लागतात. आणि त्या लेण्यांच्या पायथ्याशी, ज्यांनी भारतीय चित्रपटाची मुहूर्तमेढ रोवली त्या धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे; तेथे ३० एप्रिल १८७० रोजी ते जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच निवर्तले. स्मारकापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या अंबडच्या कारखान्यांत जे हजारो कामगार पाळ्यापाळ्यांनी राबतात, त्यांच्यापैकी प्रेस शॉपमध्ये शेजारी उभा असलेला एक धुळ्याकडचा अहिराणी बोलणारा, दुसरा परभणीकडचा, तिसरा पूर्व उत्तर प्रदेशातील भोजपुरी मुलखातला आणि चौथा अंबड गावातच पिढ्यान्‌पिढ्या नांदणारा असतो. आणि रात्री खोलीवर परतल्यावर जो तो आपापल्या मोबाईलवर जे पाहतो त्यावर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चर्चा झाली, तर एकाच चित्रपटाविषयी चार जबान्या निघतात. या चार जबान्यांत तफावत पडते ती रुचीची, शिक्षणाची, की ‘हा आपल्या माणसांचा, हा परक्यांचा’ या जाणिवेची, हा या प्रकरणाचा विषय आहे.

भारतीय चित्रपटाचा जन्मच मुळी या जाणिवेतून झाला, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या चित्रगृहात फाळक्यांनी ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. पुढे ‘नवयुग’ मासिकातील आपल्या लेखांत त्यांनी स्वतःच सांगितले आहे की, पडद्यावर येशूचे चरित्र सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, आणि आपल्या प्रतिमा आपल्या पडद्यावर केव्हा दिसतील, या विचाराने ते अस्वस्थ झाले होते. येथे बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट ही की, तो चित्रपट फाळक्यांना कमअस्सल वाटला नव्हता. तो त्यांना इतका आवडला की त्यांनी तो पुन्हापुन्हा पाहिला. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यातली उणीव त्यांना बोचली. चित्रपट उत्तम वाटणे आणि चित्रपट आपला वाटणे ही दोन खाती फाळक्यांच्या मनात पहिल्याच दिवशी वेगळी झाली होती. आपण सामान्य प्रेक्षक मात्र पुष्कळदा एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यावर लिहितो.

याचा दाखला फाळक्यांच्याच चित्रपटांत सापडतो. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका वठविल्या. सीतेच्या वेषातील साळुंक्यांचे पीळदार दंड पडद्यावर स्पष्ट दिसत असत, तथापि त्यावरून कोणी रसभंगाची तक्रार केली नाही. उलट पडद्यावर प्रभू रामचंद्र अवतरताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत, असे त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. ज्या प्रेक्षकाने आजवर पडद्यावर केवळ साहेबाचेच देव, साहेबाचीच शहरे आणि साहेबाच्याच मडमा पाहिल्या होत्या, त्याला आपले दैवत तेथे हलता-चालताना दिसले, एवढ्यानेच तो कृतार्थ झाला. त्या दैवताचे दंड कसे आहेत, कपिसेनेच्या शेपट्या नीट बसल्या आहेत की नाहीत, याचा पंचनामा करण्याची त्याला फुरसतही नव्हती आणि गरजही नव्हती.

यावरून, समान वंश, समान भाषा वा समान जात असली की प्रेक्षक चित्रपटाला झुकते माप देतो, असा सरधोपट निष्कर्ष कोणी काढील तर तो अर्धाच खरा ठरेल. माझ्या मते वस्तुस्थिती अधिक विचित्र आहे. आपल्या लोकांवरील चित्रपट पाहताना प्रेक्षक कारागिरीच्या बाबतीत उदार होतो आणि चित्रणाच्या बाबतीत कठोर. परक्या लोकांवरील चित्रपट पाहताना याच्या अगदी उलट घडते. आणि पहिल्या दोहोंपैकी कोणता गुण वरचढ ठरेल, उदारपणा की कठोरपणा, हे आपल्या प्रतिमांची त्या समाजाला टंचाई आहे की सुबत्ता, यावर अवलंबून असते.

पण त्याआधी, आपपरभाव हा केवळ मताला रंग देतो की प्रत्यक्ष दृष्टीतच उतरतो, हे पाहिले पाहिजे. या बाबतीत अमेरिकेतील एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत त्यांच्याकडील धसमुसळ्या फुटबॉलचा सामना झाला. त्यात प्रिन्स्टनच्या अव्वल खेळाडूचे नाक फुटले, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला, आणि दोन्ही विद्यापीठांच्या नियतकालिकांत आठवडेच्या आठवडे आरोप-प्रत्यारोपांची राळ उडाली. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखविली, आणि नियमभंग दिसेल तेथे नोंद करा, असे सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाकडून सरासरी ४.३ नियमभंग झालेले दिसले. तीच फिल्म पाहून प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी त्याच डार्टमथ संघाच्या नावावर ९.८ मांडले. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे तात्पर्य असे की, दोन्ही पक्षांपुढे फिल्म एक होती तरी सामना एक नव्हता. पुढे १९८५ साली स्टॅनफर्डमधील संशोधकांनी बैरूतच्या हत्याकांडासंबंधीची दूरचित्रवाणीवरील वृत्तचित्रे इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थकांना दाखविली, तेव्हा दोन्ही पक्षांना तीच वृत्तचित्रे आपल्या विरुद्ध कललेली वाटली. म्हणजे स्वकीयांबद्दलची आस्था केवळ टाळ्या वाजवीत नाही, ती अन्यायाचा वासही फार लवकर घेते.

आपल्याकडील रसशास्त्राने हा धोका सुमारे हजार वर्षांपूर्वी ओळखला होता. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर जी टीका लिहिली, तीत रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक असे की, रंगभूमीवरील सुखदुःख हे माझे किंवा अमक्याचे, अमक्या देशातले, अमक्या काळातले, अशी खूणगाठ प्रेक्षकाने मनाशी बांधली की आस्वाद खुंटतो. यावर अभिनवगुप्ताने योजलेला उपायही मोठा व्यवहारी आहे: नटाचा मुकुट, त्याची वेषभूषा, पूर्वरंगाचे विधी, भाषांचे भेद, हा सगळा संभार एवढ्यासाठीच की नट हा कोणी विशिष्ट देवदत्त आहे, ही आठवण बुजावी आणि भाव सर्वांचा व्हावा. एकच पंचाईत आहे. चित्रपटाचा कॅमेरा नेमके उलट काम करतो. तो मुकुट दाखवितो तो अमुक घराण्याचा, पागोटे दाखवितो ते अमुक तालुक्याचे, बोली ऐकवितो ती अमुक जातीची. जे विघ्न नाट्याने पडद्याआड लपविले, तेच चित्रपटाने पडद्यावर आणून ठेवले.

‘छावा’चे उदाहरण अद्याप ताजे आहे. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या या हिंदी चित्रपटात छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका विकी कौशल या पंजाबी नटाने केली. त्याच्या वंशाबद्दल महाराष्ट्रात वाद माजला नाही, आणि चित्रगृहांत प्रेक्षक उभे राहून घोषणा देत, हुंदके देत बाहेर पडत. हरकत निघाली ती प्रदर्शनापूर्वी, झलकीतील लेझीम-नृत्यावर. महाराज लेझीम खेळले असतील काय, हा प्रश्न नव्हताच मुळी. महाराजांना पडद्यावर नाचविण्याचा अधिकार कोणाला, हा होता. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर स्वतः मराठी. त्यांनी ते दृश्य काढून टाकीत असल्याचे जाहीर केले. एवढ्यावर प्रकरण मिटले असे वाटत असतानाच चित्रपटात गणोजी आणि कान्होजी यांना फितूर दाखविल्याबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी फिर्याद मांडली, आणि उतेकरांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. २०२२ च्या दिवाळीतील ‘हर हर महादेव’ या मराठी चित्रपटालाही असाच विरोध झाला आणि ठाण्यात तर चालू खेळ बंद पाडण्यापर्यंत मजल गेली. त्याआधी, डिसेंबर २०१५ मध्ये, ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून पुण्यात खेळ रद्द झाले होते.

या साऱ्या वादांत संवाद कसे होते, पटकथा कोठे ढिली पडली, युद्धाची दृश्ये विश्वसनीय होती काय, याची चौकशी अभावानेच झाली. १९१७ साली पुरुषाची सीता पाहून वहाणा काढणारा प्रेक्षक आणि २०२५ साली लेझमीवरून निर्मात्याला जाब विचारणारा प्रेक्षक, हे एकाच भावनेचे दोन वारसदार आहेत. पहिल्याला प्रतिमा नवी होती, म्हणून तो कृतज्ञ होता. दुसऱ्याजवळ शंभर वर्षांच्या प्रतिमांचे दप्तर साठलेले आहे, म्हणून तो मालक झाला आहे, आणि मालकाचे लक्ष वस्तू कशी घडली यापेक्षा ती कोणाच्या नावे चढली याकडेच अधिक असते. शिर्क्यांच्या हरकतीतून आणखी एक गोष्ट कळते. स्वकीयत्वाचे वर्तुळ आपण समजतो तसे स्थिर नसते. ते प्रसंगी महाराष्ट्राएवढे असते, प्रसंगी जातीएवढे, आणि वेळ पडली तर एका आडनावाएवढे आक्रसते.

हे आक्रसणे ज्याने चित्रपटाच्या आतच वापरून घेतले, तो दिग्दर्शक म्हणजे करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे. त्यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी चित्रगृहांत आला. त्याचा शेवटचा भाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो पुन्हा सांगण्याची गरज नाही, पण आपल्या विषयासाठी तो सांगितलाच पाहिजे. गावातली डुकरे पकडण्याचे काम नायक जब्याच्या कैकाडी कुटुंबाकडे आले आहे. शाळेतली मुले, त्यांत जब्या जिच्यावर जीव टाकतो ती शालूही, काठावर बसून ती मौज पाहत आहेत. डुक्कर हाती लागते लागते तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, आणि जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. त्याच्यामागोमाग त्याचा बापही. डुक्कर निसटून जाते. पुढे ते पकडून, बांबूला बांधून नेताना पाठीमागे शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रे सरकत राहतात. आणि अखेरीस, चिडवणाऱ्या पोरांवर दगड फेकता फेकता जब्या एक दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावतो आणि पडदा काळा होतो.

हा दगड कोणाला लागला? ज्याने गावात अशी चेष्टा सोसली आहे, तो प्रेक्षक क्षणभर जब्याच्या हातात असतो. ज्याने काठावर बसून अशी मौज पाहिली आहे, त्याच्या कपाळावर दगड येतो. आणि ज्याला या दोहोंपैकी काहीच ठाऊक नाही, तो छायाचित्रणाची तारीफ करतो. तिघेही ‘चित्रपट चांगला आहे’ असेच म्हणतील, पण ते म्हणणे एक नाही. दोन वर्षांनी, २९ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या ‘सैराट’ने तर सगळ्या महाराष्ट्राला एकाच चित्रगृहात बसविले: पूर्वार्धात जो प्रेक्षक खुर्चीवर चढून नाचला, तोच अखेरच्या दृश्यात, रक्ताने माखलेली बाळाची पावले पाहून निःशब्द झाला. बाहेर आल्यावर मात्र ज्याची त्याची फिर्याद वेगळी झाली. पाटलाच्या घराण्याचे असे चित्रण का, असे कोणी विचारले, तर कोणी विचारले की हे आजवर दाखविले का नाही. दिग्दर्शकाने तीन तास मिटविलेली भेदरेषा फाटकाबाहेर पुन्हा आखली गेली, याचा दोष मी चित्रपटाला देत नाही.

आता अंबडकडे. २००८ च्या फेब्रुवारीत परप्रांतीयांविरुद्ध जे आंदोलन महाराष्ट्रात पेटले, त्याची झळ नाशिकला फार तीव्रतेने बसली. उत्तर भारतीय कामगारांनी बायकामुलांसह रेल्वे स्थानक गाठले आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांना माणसांची चणचण भासली. (याच पांडवलेण्यांतील एका लेण्याचा दाता म्हणून ज्याचे नाव शिलालेखात कोरलेले आहे, तो इंद्राग्निदत्त दत्तामित्रीचा यवन असून तेथे त्याने आपली ओळख उत्तरेकडचा म्हणूनच करून दिली आहे; या परिसराचे परप्रांतीयांशी नाते किती जुने आहे, ते यावरून दिसावे.) त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महाराष्ट्रातील उत्तर भारतीयाच्या हालांवरील ‘देशद्रोही’ नावाचा एक हिंदी चित्रपट निघाला. राज्य शासनाने त्यावर मनाई हुकूम बजावला आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तो उठविला. चित्रपट म्हणून त्याची योग्यता बेताचीच होती, आणि एरवी तो आठवड्याभरात विस्मृतीत गेला असता. परंतु दोन्हीकडच्यांनी तो पाहण्यापूर्वीच आपापला फैसला लिहून ठेवला होता, आणि बंदीने त्याला जे महत्त्व मिळवून दिले, ते त्याच्या दिग्दर्शनाने कधीच मिळाले नसते.

असे असूनही, अंबडच्या खोल्यांत भोजपुरी कामगार केवळ भोजपुरी आणि खानदेशी कामगार केवळ अहिराणी पाहत बसतात, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. २०२१ च्या डिसेंबरात ‘पुष्पा’ आला, तेव्हा आंध्रातील शेषाचलमच्या जंगलात रक्तचंदन तोडणाऱ्या त्या हमालाला महाराष्ट्रातल्या आणि बिहारातल्या कामगाराने सारखेच डोक्यावर घेतले. वंश वेगळा, मुलूख वेगळा, मूळ भाषा तेलुगू, आणि हिंदीतला आवाज श्रेयस तळपदे या मराठी नटाचा! ठेकेदारापुढे मान न वाकविणारा मजूर, एवढी एकच खूण पुरेशी झाली. माणसाजवळ ओळखी अनेक असतात: भाषेची, जातीची, गावाची, मजुरीची. कोणत्या ओळखीला साद घालायची हे चित्रपट ठरवितो, आणि ती साद बरोबर लागली की बाकीच्या ओळखी काही काळ तहकूब होतात. समान वंशाचा प्रेक्षकावरील प्रभाव मोजू पाहणाऱ्यांनी हे विसरता कामा नये; वंश हा त्या अनेक दारांपैकी एक आहे, आणि तेच दार नेहमी उघडे असते असे नाही.

प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ची हकिकत याच बाजूची साक्ष देते. दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ साली आला, आणि मराठी माणसाने विष्णुपंत पागनिसांना तुकोबांच्या जागी मानून जवळजवळ पूजिले. येथपर्यंत ‘लंकादहन’चीच पुनरावृत्ती झाली म्हणता येईल. परंतु दुसऱ्याच वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गेला आणि तेथे गौरविला गेला. त्या परीक्षकांना ना वारी ठाऊक, ना अभंग. इंद्रायणी कोठे वाहते हेही त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. वारकऱ्याला जे भक्तीने दिसले, ते त्यांना संसाराने गांजलेल्या, तोंडाने फटकळ पण मनाने मायाळू जिजाईत आणि तिच्या भोळ्या नवऱ्यात दिसले असावे. आपल्या लोकांच्या प्रेमाने चित्रपट चालतो; परंतु तो चांगला आहे की नाही याचा निवाडा करताना, ज्याला काही देणेघेणे नाही अशा परक्याचीही जबानी नोंदवून घ्यावी, असे मला वाटते.

आणि ज्यांच्याकडे आपल्या प्रतिमांची आजही टंचाई आहे, त्यांच्या उदारपणाचा नमुना पाहण्यासाठी नाशिक जिल्ह्याबाहेर जाण्याची जरूर नाही. मालेगावात यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी असते, आणि तो दिवस तेथील कामगाराचा सिनेमाचा वार. तेथे छोटेसे व्हिडिओगृह चालविणाऱ्या नासिर शेख यांनी लग्नाची चित्रणे करण्याच्या साध्या कॅमेऱ्यावर, गावातल्याच माणसांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. दरोडेखोरांना घोडे परवडणारे नव्हते, म्हणून ते सायकलींवरून आले. गब्बरचा रबर झाला आणि बसंतीची बासमती. मूळ ‘शोले’ भव्य आणि ही नक्कल फाटकी, हे पाहणाऱ्याला कळत नव्हते असे नाही. पण नकलेतली माणसे त्याच्या गल्लीतली होती, बोली त्याची होती, विनोद त्याच्या पोटापाण्याचे होते, आणि त्याने ती मनापासून पाहिली. फैझा अहमद खान यांनी या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. पुढे आसामातल्या रीमा कागती यांनी त्यांच्यावरच ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. तो सप्टेंबर २०२४ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात दाखविला गेला, तेथे त्याचे कौतुक झाले, आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी, ‘छावा’च्या मागोमाग बरोबर दोन आठवड्यांनी, आपल्याकडील चित्रगृहांत लागला. ‘छावा’ची गर्दी तेव्हा ओसरलेली नव्हती, आणि मालेगावकरांच्या या चित्रपटाला, समीक्षकांनी वाखाणूनही, प्रेक्षक फारच थोडा लाभला.